मोहाला टेकवलेली सायकल

बाई सायकलवरून उतरल्या की आधी अंबाड्याला हात घालायच्या. अंबाड्यात फूल नसायचं, बांबूची एक कमची खोचलेली असायची. ती उपसून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसलेला चिखल त्या खरवडून काढायच्या, कमची गवताला पुसायच्या आणि पुन्हा अंबाड्यात खोचायच्या. मग म्हणायच्या, "पोचली म्हंजे झालं." एवढं उरकल्यावरच त्यांचं लक्ष समोरच्या माणसाकडे जायचं, मग तो माणूस कितीही घाईत असो.

आमच्याकडचा चिखल ज्यांनी पाहिला नाही, त्यांना या कमचीचं महत्त्व सांगून कळायचं नाही. एकोडी गावाच्या चहूकडे धानाची, म्हणजे भाताची शेती. पावसाळ्यात बांद्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्याने भरलेल्या आणि त्यांच्या मधल्या धुऱ्यांवरून, बांधांवरून वाट. त्या वाटेवर सायकल चालवायची नसते, तिची समजूत घालायची असते. चार पावलं चाक फिरतं, मग मडगार्डात मातीचा असा लोंदा बसतो की सायकल जागची हलत नाही. मी स्वतः एकदा तो प्रयोग केला आणि सायकलसकट बांदीत बसलो. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायका त्यानंतर महिनाभर मला पाहून पदर तोंडाला लावत होत्या.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी त्या गावात गुरुजी म्हणून आलो. बाई आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. माहेर पवनीचं, विणकराच्या घरातलं. लग्न झालं होतं, पण नवऱ्याने नांदवलं नाही. त्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या, "थो अध्याय संपला जी," आणि दुसरा विषय काढायच्या. पांढरं पातळ गुडघ्याखाली घट्ट खोचून त्या पहिल्यांदा सायकलवर बसल्या, तेव्हा म्हणे गावातले लोक ताटावरून उठून पाहायला आले होते. मी येईपर्यंत मात्र गाव इतकं सरावलं होतं की बाई कधी पायी दिसल्या तर लोक विचारायचे, "काहून बाई, सायकल बिमार आहे का?"

ती सायकल सरकारी होती. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. बाई तिला जिवापाड जपायच्या. मुक्कामाला आल्या की ती घरात घ्यायच्या, वर पोतं पांघरायच्या. मी म्हणायचो, "बाई, तुम्ही ओसरीत झोपता आणि सायकल घरात, हे उलटं नाही का?" त्या गंभीरपणे म्हणायच्या, "सरकारची वस्तू आहे जी. आपली असती तं गोठ्यात ठेवली असती."

मग ती रोवणी आली.

नाल्यापलीकडे दहा-बारा घरांची एक टोली होती. तिथला एक माणूस भर दुपारी पावसात पळत आला. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण होती. बाई हातातला घास टाकून उठल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाल्या. मी शाळेच्या दारातून त्यांना जाताना पाहिलं. उन्हाळ्यात एक विडी ओढून होईपर्यंत पोचावं एवढंच ते अंतर. त्या दिवशी बाई पोचल्या तेव्हा पोर जन्मलं होतं आणि आई रक्त जाऊन गेली होती.

टोलीतल्या कोणी त्यांना दोष दिला नाही. उलट त्या मुलीच्या सासूने बाईंना पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "चिखलच असा आहे माय, तुमी काय करान." हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. बाई परत आल्या, भिंतीशी बसून धानाच्या तणसाच्या बोळ्याने ती सायकल त्यांनी आरशासारखी घासली, घरात नेली, पोतं पांघरलं. त्यानंतर ती बाहेर निघाली नाही. बाई पायी जायच्या, पाय नेतील तेवढंच जायच्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "धानाची कापनी झाली का मी नोकरी सोडून देईन."

दिवाळीच्या सुट्टीत मी शाळा झाडून घेत होतो. बाई आत आल्या आणि भिंतीवरच्या भारताच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "गुरुजी, याच्यात चिखल नसलेला मुलूख कोनता?"

मी थट्टेखोर माणूस. नकाशाच्या पश्चिमेकडच्या पिवळ्या डागावर छडी ठेवली आणि म्हणालो, "हा घ्या. इथे पाऊसच पडत नाही. सायकल घ्या आणि निघा."

बाईंनी त्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. मग बोट तिथेच ठेवून विचारलं, "तिथं रेल्वेनं कुठपर्यंत जाता येते?"

थट्टा अंगाशी येणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात समजलं. बाईंनी रजा काढली. सरकारी सायकल सरकारी कामापलीकडे न्यायची नाही, म्हणून साकोलीतून एक जुनी सायकल विकत आणली. मागे वळकटी, पुढे पातेलं, पोतडीत घरचा तांदूळ, लाखोळीची डाळ, पंप, पंक्चरचं सामान. गावात चर्चेला ऊत आला. कोणी म्हणे बाई संन्यास घेणार, कोणी म्हणे नवऱ्याचा पत्ता लागला. एका म्हातारबाबांनी सरळ विचारलं, "तिकडे कोनता देव आहे?" बाई म्हणाल्या, "देव नाही जी. सुका रस्ता आहे."

"एकट्याच?" मी विचारलं.

"संग कोन येते?"

"पण कशासाठी, बाई?"

त्या वळकटीची दोरी आवळत राहिल्या. माझ्या बायकोने तिखट-मिठाची पुडी बांधून दिली, तेव्हा तिला हळूच म्हणाल्या, "थ्या दिवशी दोष चिखलाचा होता का माझा, थे मले समजलं पाह्यजे. नाही समजलं तं या नोकरीत मी राह्यत नाही." भंडारा रोड स्टेशनवर सायकल सामानाच्या डब्यात चढली. बाई जनानी डब्यात चढल्या, अंबाड्यात कमची तशीच. मी नागपूरच्या पुढे आयुष्यात कधी गेलेलो नव्हतो. गाडी हलली तेव्हा मला फलाटावर उभ्या उभ्या घाम फुटला.

संक्रांतीच्या सुमारास त्या परत आल्या. तव्यासारख्या काळ्या, नाकाची साल निघालेली, हातावर ओरखडे. मी ज्यांना निरोप दिला होता त्या याच बाई, हे आवाजावरून पटलं.

त्यांनी ती हकीकत एका बैठकीत सांगितली नाही. आमच्या ओसरीत माझी बायको सुपात तांदूळ निवडत बसायची, बाई खांबाला टेकून बसायच्या आणि मधूनच एखादा तुकडा निघायचा. मी वही तपासत असल्याचं सोंग करून ऐकायचो.

जोधपूरला त्या उतरल्या आणि जैसलमेरच्या रस्त्याला लागल्या. "पह्यल्या दिवशी मले हासूच येऊन राहिलं होतं जी. चाक फिरते तं फिरतेच. कोनी अडवतच नाही. मी एकटीच हासून राहिली, एक उंटवाला थांबून पाहून राहिला." सवयीने त्या जिथे उतरतील तिथे कमची उपसायच्या आणि मडगार्डात घालायच्या. खरवडायला काही नसायचं. त्या उंटवाल्याने विचारलं, ही काडी कशाला? बाईंनी चिखलाचं सांगितलं. त्याला काही केल्या पटेना. "म्हने, इतना पानी, कि चलने नहीं देता? मी म्हटलं हो. थो मले खोटारडी समजला असन."

पुढे गावं विरळ झाली. झाडं गेली, मग झुडपं गेली. आपण झाडीपट्टीतली माणसं. आपली नजर चार बांद्या जाते, मग कुठे मोहाचं झाड आडवं येतं, कुठे तलावाची पाळ. बाई म्हणाल्या, तिथे नजर जाते आणि परतच येत नाही. एका दिवशी सकाळी निघाल्या, तर ऊन डोक्यावर येईपर्यंत माणूस दिसला नाही, जनावर दिसलं नाही, पक्षी दिसला नाही. पेडल थांबवलं की चाकाची टिकटिक ऐकू यायची. सायकल उभी केली की तीही बंद. "मंग आपलाच श्वास ऐकू येते जी. कोनी बाजूले उभं आहे असं वाटते. वळून पाहिलं तं आभाळ."

मी सोंग विसरून विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली. पन कोनाची वाटली, थेच समजेना. तिथं कोनी होतंच नाही." मग म्हणाल्या, "इवढा मोठा मुलूख आणि त्याच्यात मी इवढीशी. पन मले हलकं वाटलं. आपलं चुकलं तं आभाळ पडत नाही, असं काही तरी वाटलं. सांगता येत नाही."

त्यांना सांगता आलं नाही तरी मला दिसलं. आमच्या त्या चिंचोळ्या ओसरीत बसलेल्या या बाईंच्या मागे केवढं तरी रिकामं आभाळ पसरलंय, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या रस्त्यापासून आत, वाळूत, दोन-तीन झोपड्या होत्या. तिथल्या एका म्हातारीने बाईंना ठेवून घेतलं. आता आपली भातखाऊ जात तुम्हाला ठाऊक आहे. आपण आठ पोळ्या खाऊन उठतो आणि विचारतो, जेवण केव्हा आहे? भात पोटात गेल्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही. बरेच दिवस बाजरीच्या भाकरीवर काढल्यावर बाईंनाही भात आठवला. त्यांनी पोतडी सोडली, म्हातारीकडे पाणी मागितलं. म्हातारीने मडक्यातून दोन्ही हातांनी सांभाळून लोटा भरून दिला. बाई चुलीशी बसल्या आणि जन्माच्या सवयीने तांदूळ धुतला. पाणी फेकलं. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा चोळला, पुन्हा फेकलं. तिसरं पाणीही फेकलं.

"बुढीनं थे पाह्यलं," बाई म्हणाल्या. "वाळूतल्या ओल्या जागेकडे पाहत राह्यली. मंग उठली, बकरीले घेऊन आली आणि तिथं सोडली. बकरी थे ओली वाळू चाटत होती जी. मले भात गेला नाही."

माझ्या बायकोच्या हातातलं सूप थांबलं होतं. पाण्याच्या मुलखात राहणाऱ्या आम्हा तिघांना त्या क्षणी एकमेकांकडे पाहवेना.

सकाळी म्हातारी घडा घेऊन निघाली. बाई म्हणाल्या, मी येते, माझ्याकडे सायकल आहे, दोन घडे आणू. घडे बांधले. थोडी वाट घट्ट होती, तिथे बाईंचा रुबाब चालला. पुढे वाळू लागली. चाक रुतलं. चिखलात रुततं तसंच रुतलं, फरक एवढाच की इथे कमची उपयोगाची नव्हती. बाई सायकल ढकलू लागल्या, मग ओढू लागल्या, मग मागचं चाक उचलून नेऊ लागल्या. म्हातारी बरीच पुढे गेली होती. ती मागे आली.

"म्हने, छोड़ दे इसे," बाई सांगत होत्या.

"मी म्हटलं, कोई ले जाएगा."

म्हातारीने कपाळावर हात धरून चहूकडे पाहिलं. सगळीकडे वाळू, एक खेजडीचं झाड आणि आभाळ. तिने विचारलं, "कौन?" आणि मग, जरा चिडूनच म्हणे, "पानी लाना है कि साइकिल?"

खांबाला टेकलेलं डोकं बाईंनी सरळ केलं.

"मी थ्या दिवशी सायकल ओढत होती जी गुरुजी. सरकारची म्हून. नाल्यापासूनच चाक जाम झालं होतं. तिथं टाकून पायी पळत गेली असती तं पोचली असती. मले सुचलंच नाही. सुचलं असतं तरी टाकली नसती, कोनी नेली तं काय सांगू, म्हून. मी सायकल पोचवून राहिली होती."

एवढे दिवस आम्ही सगळे चिखलाला दोष देत होतो. टोलीतली ती सासूसुद्धा. माझ्या बायकोने सूप बाजूला ठेवलं आणि बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. कुणाला बोल लावायचा आणि कुणाची समजूत काढायची, हे मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ठाऊक नव्हतं.

खेजडीच्या झाडाला बाईंनी सायकल टेकवली, घडा डोक्यावर घेतला आणि म्हातारीच्या मागे निघाल्या. वळून पाहिलं तर सायकल बोटाएवढी दिसत होती, मग मुंगीएवढी, मग दिसेनाशी झाली. विहिरीवर पोचल्यावर त्या वाळूत बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. म्हातारीला वाटलं, ही सायकलसाठी रडते. ती पाठीवरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "मिल जाएगी बेटी, तेरी साइकिल मिल जाएगी." हे सांगताना बाई हसल्या आणि पदराने डोळेही पुसले. दोन्ही एकदमच.

परत आल्या तेव्हा सायकल जशीच्या तशी उभी होती. सीटवर थोडी वाळू बसली होती, इतकंच.

बाईंनी नोकरी सोडली नाही. दोष कुणाचा ते त्यांना समजलं होतं आणि तो माझा, असं त्या स्वच्छ म्हणायच्या. तरी त्या राहिल्या. पुढच्या पावसाळ्याआधी सरकारी सायकलीवरचं पोतं निघालं.

त्या पावसाळ्यात त्याच टोलीतून, त्याच घरातून निरोप आला. धाकट्या सुनेला कळा लागल्या होत्या. आणि पाऊस तर आदल्या वर्षीपेक्षा जोरात. बाईंनी पिशवी घेतली, सायकल घेतली आणि गेल्या. या खेपेला मला शाळेत बसवेना. बायको म्हणाली, "जा ना, पाहून या." मी छत्री घेऊन घसरत-सावरत नाल्यापर्यंत गेलो.

नाल्याकाठी एक जुना मोह होता. त्याला ती सायकल टेकवलेली होती. कुलूप नाही, साखळी नाही, नंबरावर चिखल. बाई कुठेच नव्हत्या. पुढे नाल्याच्या उतारावर अनवाणी पावलं उमटलेली होती, लांब लांब टाकलेली, पळणाऱ्या माणसाची. त्यांत पाणी भरत होतं.

मी ती पावलं पाहत किती वेळ उभा होतो, कोण जाणे. देवळात मी हात जोडतो ते इतरांनी जोडले म्हणून. तिथे मात्र छत्री काखेत धरून आपोआप हात जुळले. मग भानावर आलो आणि माझ्यातला सरकारी नोकर जागा झाला. सायकल कोणी नेली तर? म्हणून मी तिच्या राखणीला उभा राहिलो. चांगला भिजलो. शेवटी टोलीतला एक माणूस नाला ओलांडून आला आणि मला पाहून हसायलाच लागला.

"अजी गुरुजी, इथं काय करून राहिले? बाई कवाच्या पोचल्या. पोरगा झाला, माय चांगली आहे."

पुढे सगळं ऐंशीचं दशक तो मोह बाईंच्या सायकलचा ठिय्या होता. पावसाळ्यात तिथे सायकल टेकवलेली दिसली की नाल्याकडून येणारा-जाणारा म्हणायचा, बाई पोचल्या. कोणी तिला हात लावला नाही. लावला असेल तो पळसाची पानं तोडून सीटवर घालण्यापुरता. मोहाच्या बुंध्याला हँडल घासून घासून एक गुळगुळीत जागा झाली होती.

मग त्यांची बदली झाली, आमचीही झाली. वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात बाई गेल्याचा निरोप आला आणि मी पवनीला गेलो. भावाच्या घरी त्या राहत होत्या. दोन दिवस उशीर झाला होता, सगळं उरकलेलं होतं. अंगणात निंबाला एक जुनी सायकल टेकवलेली होती. वाळवंटात गेलेली तीच. शेवटपर्यंत त्या तिच्यावर बसून बाळंतिणींना पाहायला जायच्या, असं भाचा म्हणाला.

"पानी सुरू झालं म्हून मी सायकल घरात आनून राहिलो होतो," तो सांगत होता. "तं आत्या खाटेवरून म्हने, राहू दे रे थे झाडालेच. मी पोचली म्हंजे झालं. तापात बोलत असन, मले काही समजलं नाही."

मला समजलं. मी अंगणात गेलो. मडगार्डात चिखल वाळून बसला होता. कुंपणाची एक काडी मोडली, चिखल खरवडून काढला आणि काडी गवताला पुसली. अंबाडा मला नव्हता, म्हणून ती खिशात ठेवली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. भाच्याने सायकल आत घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि ती निंबालाच टेकलेली राहू दिली.